एम५०एक्सला मखमली पॅड लावल्यावर पखवाज पातळ का ऐकू येतो? पॅड, हेडफोन आणि इथली दमट हवा

पायपेटी_कुडाळ

नमस्कार मंडळी. काम डबलबारी भजनं आणि दशावतारी नाटकांच्या रेकॉर्डिंगचं मिक्सिंग करण्याचं आहे. पखवाज, पेटी, झांज, चकवा, बुवांचा आवाज आणि मागे कोरस. खोली लहान, वर पत्रा, स्पीकरवर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे सगळे निर्णय हेडफोनवरच होतात.

हेडफोन ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स. मूळ पॅडचा वरचा काळा थर सुटायला लागला. इथल्या हवेत रेक्झिनच्या कुठल्याही वस्तूचं हेच होतं, म्हणून कंपनीला दोष नाही. बदली म्हणून दोन जोड्या हाताशी आहेत: एक जाड मखमली, म्हणजे वेलूर, आणि एक आतल्या भिंतीला भोकं असलेली रेक्झिनची.

मखमलीवर पखवाजाच्या कणकेच्या तोंडाचा घुमारा जवळजवळ नाहीसा होतो, बुवांचा आवाज पुढे येतो. भोकांच्या पॅडवर घुमारा बऱ्यापैकी परत येतो, पण झांज वेगळ्याच ठिकाणी टोचते. जुन्या पॅडवर केलेलं मिक्स या दोन्हींवर चुकीचं वाटतं. माझे प्रश्न असे:

एवढा फरक का पडतो? या हेडफोनला कुठला पॅड प्रमाण धरावा? हेडफोनच बदलायचा तर बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो ८० ओम, सोनी एमडीआर-७५०६ आणि सेनहायझर एचडी ६०० यांत या कामाला काय बरं? आणि पावसाळ्यात पॅड टिकवायचे कसे?

रत्नदुर्ग_ध्वनी

पॅडला गादी समजू नका. तो हेडफोनच्या ध्वनिरचनेचाच भाग आहे. ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा भाग), कान आणि पॅडची भिंत यांच्यामध्ये जी हवा कोंडते तिच्यावर आवाज ठरतो. पॅड बदलला की ती हवा बदलते, आणि हेडफोन वेगळा होतो.

सगळ्यात मोठा परिणाम गळतीचा. बंद हेडफोनमध्ये खालचे स्वर ऐकू येतात ते कोंडलेल्या हवेवर ड्रायव्हरचा पडदा दाब देतो म्हणून. फट राहिली की तो दाब निसटतो. ८–१० किलोहर्ट्झला फटीने फारसं काही होत नाही, पण ५० हर्ट्झला १० डीबीपर्यंत सहज उतरतं. मखमलीच्या कापडातून आणि उघड्या फोममधून हवा आरपार जाते. एम५०एक्सचा कप हवाबंद रेक्झिन पॅड गृहीत धरून जुळवलेला आहे, म्हणून त्याला मखमल लावली की दीडशे हर्ट्झच्या खाली उतार लागतो. पखवाजाचा घुमारा नेमका तिथेच राहतो. बुवांचा आवाज वाढलेला नाही, खालचा आधार गेल्यामुळे तो पुढे आल्यासारखा वाटतो.

खात्री करायची तर ४०, ६०, ८० आणि १०० हर्ट्झचे साधे स्वर तयार करा. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ‘टोन जनरेट’ करून मिनिटात होतात. पातळी कमी ठेवून एकेक वाजवा आणि दोन्ही कपांवर तळव्यांनी हलकासा दाब द्या. दाबल्यावर ४० आणि ६० चा स्वर उठून आला तर गळती आहे. नव्या मूळ पॅडवर हा फरक अगदी थोडा पडायला हवा.

दुसरी गोष्ट अंतराची. बदली पॅड २५ ते ३० मिमी जाडीचे मिळतात, मूळ पॅड त्याहून पातळ. कान ड्रायव्हरपासून लांब गेला की आतल्या हवेचं घनफळ वाढतं आणि झिलईच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या स्वरांतले उंचवटे जागा बदलतात. १० किलोहर्ट्झची तरंगलांबी हवेत जेमतेम ३.४ सेंमी आहे. तिथे पाच-सात मिमीचा फरक म्हणजे फार मोठा. तुमची झांज ‘वेगळ्याच ठिकाणी’ टोचते ती यामुळे.

तिसरी आतली भिंत. गुळगुळीत रेक्झिनवरून वरचे स्वर परावर्तित होतात, मखमल आणि उघडा फोम ते शोषतात. भोकांचा पॅड या दोन्हींच्या मधला: बाहेरची बाजू हवाबंद म्हणून बेस टिकतो, आतली भोकं थोडी झिलई खातात.

जुना पॅड हाही प्रमाण नव्हे, हे मात्र ध्यानात घ्या. फोम दबला की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, वरचा थर तडकला की तिथून हवा जाते. एकाने बेस वाढतो, दुसऱ्याने घटतो, आणि हा बदल इतका हळू होतो की कानाला त्याची सवय होऊन जाते. जुन्या पॅडवर केलेली मिक्सेस आधी नव्या मूळ पॅडवर तपासा, मग त्यांच्यावर मत बनवा.

म्हणून एम५०एक्सला मूळ घडणीचा, मूळ जाडीचा, पूर्ण हवाबंद पॅडच प्रमाण धरा. मखमल एप्रिल-मे महिन्यांत घामासाठी सोयीची आहे, पण ती संपादनाला वापरा: खोकला काढणं, दोन टेक जोडणं वगैरे. बेसचा एकही निर्णय तिच्यावर घेऊ नका.

झांज_आणि_चकवा

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त मखमल एवढी मोडीत काढायची गरज नाही. इक्वलायझर आहे की. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं. १०० हर्ट्झला लो-शेल्फ, म्हणजे त्याखालचं सगळं एकत्र उचलणारा फिल्टर घालून ५–६ डीबी वर घ्या, एकूण पातळी तेवढीच खाली आणा म्हणजे आवाज फाटणार नाही. डोक्याला आराम मिळाला तर काम जास्त वेळ नीट होतं, हेही बघायला हवं.

रत्नदुर्ग_ध्वनी

गळती स्थिर असेल तर इक्वलायझर चालतो. मखमलीवर ती स्थिर नसते. हेडफोन काढून परत घातला, केस मध्ये आले, जबडा हलला, की ६० हर्ट्झची पातळी बदलते. आज ६ डीबी पुरतील, उद्या ३ जास्त होतील. शिवाय निसटणारा दाब भरून काढायला पडदा जास्त हलवावा लागतो, आणि धा जोरात पडला की विकृती तिथेच सुरू होते.

तयार इक्वलायझर सेटिंग घेणाऱ्यांसाठीही सांगतो. ऑटोईक्यूसारख्या संग्रहातली सेटिंग्ज मोजमापावरून केलेली असतात, आणि ते मोजमाप सहसा मूळ पॅडवरचं असतं. त्यांतली बरीचशी शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांच्या हार्मन या ऑडिओ कंपनीतल्या, २०१३ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या संशोधनातून आलेल्या लक्ष्यरेषेकडे, म्हणजे बहुतेकांना आवडणाऱ्या तोलाकडे नेणारी आहेत. पॅड बदललात की ती फाइल तुमच्या हेडफोनची उरत नाही.

झांज_आणि_चकवा

स्थिरतेचा मुद्दा पटला. मग तुलना तरी नीट कशी करायची ते लिहितो, कारण बहुतेक जण तिथेच फसतात.

आधी पातळी जुळवा. एक डीबी मोठा वाजणारा पॅड कानाला ‘चांगला’ वाटतो, ‘मोठा’ वाटत नाही. गाणं लावून पातळी जुळत नाही. पिंक नॉइज (सगळे स्वर एकदम असलेला चाचणीचा खळखळाट) ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात गाळून घ्या आणि दोन्ही पॅडवर तो सारखा ऐकू येईपर्यंत नॉब फिरवा. बेसवरून पातळी जुळवायला गेलात तर जो फरक शोधताय तोच झाकला जाईल.

मोजायचं असेल तर साधा पाट करा. १५ × १५ सेंमीचा जाड प्लायवूडचा तुकडा, मधोमध माइकच्या तोंडाएवढं छिद्र. मोजमापाचा माइक मागून असा घाला की त्याचं तोंड लाकडाच्या पृष्ठभागाशी सपाट राहील. बाजूची फट ब्लू-टॅक किंवा प्लंबरच्या पुट्टीने पूर्ण बुजवा, नाहीतर पाटच गळेल आणि तुम्ही पॅडला दोष द्याल. हेडफोनचा दुसरा कप लाकडी ठोकळ्यावर टेकवा, म्हणजे दोन कपांमधलं अंतर डोक्याएवढं, १४–१५ सेंमी राहतं आणि बँडचा दाब खरा येतो.

आरईडब्ल्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा स्वर, प्रत्येक पॅडसाठी हेडफोन उचलून परत ठेवत पाच वेळा, आणि त्यांची सरासरी. एक षष्ठांश ऑक्टेव्ह स्मूदिंग ठेवा. मग ट्रेस अरिथमेटिकमध्ये एका पॅडची रेषा दुसरीने भागा: येणारी रेषा म्हणजे दोन पॅडमधला फरक. पाच मोजमापांत खालची टोकं एकमेकांपासून फाकली असतील तर तो पॅड नीट बसत नाही, आणि ही माहिती सरासरीइतकीच मोलाची आहे.

या पाटाला कान नाही, त्यामुळे ‘हा हेडफोन सपाट आहे’ असं त्यावरून कधीच म्हणू नका. पॅड विरुद्ध पॅड, तोच हेडफोन, एवढीच तुलना. ५००–६०० हर्ट्झच्या खाली ती भरवशाची, ३ किलोहर्ट्झच्या वर नुसता अंदाज. फोनचा माइक या कामाला घेऊ नका. त्याची खालची बाजू कापलेली असते आणि पातळी आपोआप वरखाली होते.

मोजताना पंखा बंद ठेवा. पत्र्यावर पाऊस असेल तर त्या दिवशी मोजूच नका, नुसता गोंगाट मिळेल.

खाडीपलीकडे

मॉडेलांबद्दल.

डीटी ७७० प्रो ८० ओम: बंद असूनही मूळचाच मखमली पॅडवर जुळवलेला. कपाची रचना बास-रिफ्लेक्स, म्हणजे बेससाठी मुद्दाम हवेची वाट ठेवलेल्या प्रकारची आहे, म्हणून एम५०एक्सवर मखमलीने जे होतं ते इथे होत नाही. सगळ्यात खालचा बेस भरपूर, २०० हर्ट्झच्या आसपास थोडा खळगा, आणि ८–९ किलोहर्ट्झला ठसठशीत उंचवटा. झांज आणि चकवा यावर खऱ्यापेक्षा तीक्ष्ण वाटतात, त्यामुळे नवखा माणूस त्या दाबतो आणि मिक्स मंद होतं. त्या उंचवट्यावर ५ डीबीचा अरुंद काप घातला की हा हेडफोन भजनाला फार चांगला लागतो. पॅडखाली ड्रायव्हरवर पातळ फोमची चकती असते. पॅड बदलताना ती हरवली किंवा भुगा झाली तर वरचे स्वर आणखी चढतात. ७७० आणि ९९० चे पॅड दिसायला सारखे असतात, पण मागवताना आपल्या मॉडेलचाच क्रमांक द्या. वायर कायमची जोडलेली, तुटली की डागकाम आलं.

एमडीआर-७५०६: १९९१ पासून चालत आलेला, ६३ ओम, हलका. वरचे स्वर उजळ, त्यामुळे श्वास, खरखर, कपड्याची घास, पायपेटीच्या भात्याचा आवाज लगेच सापडतो. दशावतारात रंगमंचावरच्या माइकची घासाघीस शोधायला यापेक्षा बरा हेडफोन या किमतीत मिळणं कठीण. गाण्याचा तोल यावर ठरवू नये. मूळ पॅड पातळ, कान ड्रायव्हरच्या जाळीला टेकतो. जाड पॅड घातला की कानाला आराम, पण मग तोही वेगळा हेडफोन.

एचडी ६००: १९९७ चा, मागून उघडा, ३०० ओम. मधले स्वर, म्हणजे बुवांचा गळा आणि पेटीची सुरावट, या यादीत सगळ्यात खरे इथे. पेटी आणि आवाज एकमेकांवर चढतात की नाही ते यावर कळतं. सगळ्यात खालचा बेस मात्र उतरतो, पखवाजाचा तळ अंदाजाने करावा लागेल. आणि जून ते सप्टेंबर पत्र्याखाली उघडा हेडफोन म्हणजे पावसाचंच मिक्सिंग. पॅड अंडाकृती, प्लास्टिकच्या चौकटीवर. कडेला बोटं घालून सरळ ओढले की निघतात, दाबले की कटकन बसतात. हा पॅड दबला की आवाज दाट आणि पुढे आल्यासारखा होतो. अनेकांना तो आवडतो आणि ते पॅड बदलत नाहीत, पण मिक्सिंगला तो चुकीचा.

ओमच्या आकड्यावरून घाबरू नका, फक्त इंटरफेसच्या हेडफोन सॉकेटची आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे ओममध्ये मोजलेला त्याचा अडथळा पाहा. ती हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असली की काळजी नाही. एचडी ६०० ची स्वतःची इम्पीडन्स १०० हर्ट्झजवळ बरीच चढते, त्यामुळे जास्त आउटपुट इम्पीडन्सच्या सॉकेटवर तिथला बेस फुगतो, आणि तुलना करणारा तो हेडफोनचा गुण समजतो.

तुमच्या कामाला, तुमच्या खोलीत, एकच घ्यायचा तर ७७०. पण नवीन मूळ पॅड लावलेला एम५०एक्स हाताशी असताना आधी तो वापरून पाहा. त्याचा बेस थोडा चढा असतो एवढं धरून चाललात तर काम होतं.

देवबाग_काठ

बाबानू, ७७० चे पॅड धुवूचे तर कोमट पाण्यात, चमचाभर सौम्य साबण, हातान दाबून. पिळू नकात, फोम आतून फाटता. टॉवेलात दाबून पाणी काढा आणि पंख्याखाली सुकत घाला, उन्हात नाय. आषाढात दोन-तीन दिवस तरी लागतले. आतून पुरो सुकल्याशिवाय लावू नकात, नायतर वास मारता.

वेंगुर्ला_वखार

टिकवण्याचं सांगतो.

काळा थर सुटतो तो पीयूचा, पॉलियुरेथेनचा. त्यातल्या पॉलिएस्टर जातीच्या साखळ्या पाण्याच्या वाफेने तुटतात, उष्णता आणि घामाने ही क्रिया वेग घेते. वापर असो वा नसो, हवेतला ओलावा पुरतो. म्हणून स्वस्त मिळाले म्हणून चार जोड्या घेऊन ठेवू नका. पिशवीत पडल्या पडल्याही त्या चिकट होतात. एका वेळी एकच सुटी जोडी. ‘प्रोटीन लेदर’ म्हणून मिळतं तेही वरून पीयूच. खरं मेंढीचं चामडं अशा हायड्रोलिसिसने, म्हणजे ओलाव्याने साखळ्या तुटून, सुटत नाही, पण पावसात कपाटातल्या चपला-पट्ट्यांवर चढते तशी बुरशी त्यावर चढते, तेव्हा त्याची निगा वेगळी.

रोजचं: काम झालं की सुती कापड किंचित ओलं करून पॅड पुसा, लगेच कोरड्या कापडाने टिपा, अर्धा तास पंख्याखाली ठेवा, मगच डब्यात. सॅनिटायझर आणि स्पिरिट पीयूला लावू नका, थर कडक होऊन तडकतो. खोबरेल तेलही नको. शिवणीतून फोममध्ये उतरतं आणि धूळ धरतं.

डबा: रबरी कडेचा, हवाबंद, १० लिटरच्या आसपासचा. त्यात १५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल कापडी पिशवीत आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. जेल हिरवट काळं पडलं की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा नारिंगी होतं. तांदूळ ठेवून काही होत नाही, उलट भुसा जाळीत जातो. भिंतीवरच्या खिळ्याला हेडफोन टांगू नका, पावसात भिंतीला लागून हवा सगळ्यात ओली असते.

समुद्राजवळच्यांनी पिनकडेही लक्ष द्यावं. खाऱ्या हवेने सॉकेटमध्ये थर धरतो आणि एका बाजूचा आवाज कमी होतो किंवा खरखरतो. एम५०एक्सची वायर कपाच्या बाजूला २.५ मिमी पिनने अडकते, तिथे हे आधी होतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तो थेंब पॅडवर पडू देऊ नका.

एक बाजू कमी ऐकू येते तेव्हा आधी हेडफोन उलटा घाला. कमी बाजू हेडफोनबरोबर दुसऱ्या कानावर गेली तर दोष हेडफोनचा, पॅडचा, वायरचा किंवा आधीच्या यंत्राचा. त्याच कानावर राहिली तर कानात मळ असेल किंवा डॉक्टरांना दाखवा. मग डावा-उजवा पॅड अदलाबदल करा. दोष पॅडबरोबर सरकला तर काम स्वस्तात झालं.

एम५०एक्सचा पॅड बसवताना: मागची पातळ झालर कपाच्या कडेच्या खाचेत जाते. एका टोकाला अडकवा, मग जुनं एटीएम कार्ड झालरीखाली घालून हळूहळू गोल फिरवत न्या. शेवटचा भाग घट्ट लागतो, तिथे ओढाताण केली की शिवण उसवते. बसल्यावर बोटाने कडेवरून फिरवून पाहा. झालर एका ठिकाणी जरी दुमडून राहिली तरी ती फटच, आणि नव्या पॅडवर बेस नाही अशी तक्रार बऱ्याचदा याचीच असते.

पायपेटी_कुडाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. तळव्यांची चाचणी केली. मखमलीवर ४० आणि ६० हर्ट्झ दाबल्यावर खूपच उठतात. भोकांच्या पॅडवरही डावीकडे थोडं उठतं, उजवीकडे नाही. झालर दोन्हीकडे नीट बसली आहे. चष्मा आहे, त्याचा संबंध असेल का? पण मग एकाच बाजूला का?

रत्नदुर्ग_ध्वनी

चष्म्याचाच असण्याची शक्यता जास्त. काडी पॅडखालून जाते तिथे पुढे-मागे दोन बारीक बोगदे तयार होतात. दोन्ही कान सारख्या उंचीवर नसतात आणि चष्माही थोडा तिरका बसतो, म्हणून एका बाजूला काडी पॅडच्या मऊ भागातून जाते, दुसऱ्या बाजूला शिवणीवरून, आणि शिवण दबत नाही. चष्मा काढून तीच चाचणी करा. फरक गेला तर नक्की झालं.

उपाय: हेडफोन घातल्यावर काडी कानावरून अर्धा सेंमी वर उचला, म्हणजे ती पॅडच्या वरच्या, जास्त मऊ भागात रुतते. पुढच्या वेळी चष्मा करताना पातळ धातूची काडी घ्या. प्लास्टिकच्या रुंद काडीला कुठलाच पॅड पुरा पडत नाही. बँड वाकवून दाब वाढवायच्या भानगडीत पडू नका, डोकं दुखेल आणि फोम लवकर बसेल. आणि पखवाजाचं कणकेचं तोंड मिक्समध्ये बसवायचं असेल तेव्हा तेवढा वेळ चष्मा बाजूला ठेवा, बेसची पातळी ठरली की परत घालून बाकीचं करा.